पदरमोड कोणी केली ते आधी विचारा

आपल्या विदर्भात 'वापस' हा एकच शब्द सगळी कामं करतो. उसने घेतलेले वापस केले, दुकानदारानं जास्तीचे वापस दिले, ऑफिसातून बिलाचे पैसे वापस आले. बोलताना काही अडत नाही, अडतं ते अर्जात. तालुक्याच्या गावी मी कित्येक वर्षं लोकांना अर्ज लिहून देतो. रिपेमेंट आणि रिइम्बर्समेंट यांची गल्लत सतत समोर येते आणि दरवेळी माझा जीव तुटतो, कारण त्या एका शब्दापायी माणसाचा कागद परत फिरतो.

रिपेमेंट कोणाला सांगायला नको. सोसायटीचं पीककर्ज उचललं, मार्चअखेर भरलं. झाली परतफेड.

रिइम्बर्समेंटमध्ये कर्ज नसतंच. खर्च दुसऱ्याचा असतो, खिसा तेवढ्यापुरता आपला. नळयोजनेच्या मोटरीचा स्टार्टर भर उन्हाळ्यात जळतो, पंचायतीचा चेक निघायला वेळ लागतो, मग शिपाई 1,800 रुपयांची पदरमोड करून नवा आणतो. पुढे पंचायत ते 1,800 त्याला भरून देते, ती रिइम्बर्समेंट. शब्दाच्या पोटातच हे आहे. त्यातला 'बर्स' आणि आपली 'पर्स' एकाच लॅटिन 'बुर्सा'पासून आले, बुर्सा म्हणजे थैली. रिकामी झालेली थैली पुन्हा भरायची. सरकारी मराठीतला 'प्रतिपूर्ती' मला म्हणूनच आवडतो. 'पूर्ती' त्यात आहे, 'फेड' नाही.

खरी मेख पुढे आहे. गुरुजी म्हणतात, "मी बायकोच्या ऑपरेशनचं बिल रिइम्बर्स केलं." म्हणायचं असतं की पैसे मिळाले. पण इंग्रजीत 'आय रिइम्बर्स्ड' म्हटलं की पैसे गुरुजींनी कोणाला तरी दिले असा अर्थ होतो! रिइम्बर्स करणारा नेहमी देणारा असतो. ज्यानं पदरमोड केली त्याला रिइम्बर्स केलं जातं. कर्जात आपण घेतो आणि आपणच फेडतो, तीच सवय इथे आड येते. म्हणून आधी विचारा, खर्च कोणाच्या अंगावर होता? राज्य कर्मचाऱ्यांच्या उपचाराच्या खर्चाची जबाबदारी 1961 च्या वैद्यकीय देखभाल नियमांनुसार ठरलेल्या मर्यादेत शासनाची, म्हणून देणार शासन, घेणार गुरुजी. शिक्षण हक्क कायदा, 2009 मधल्या कलम 12 मध्येही हाच शब्द आहे. 25 टक्के राखीव जागांवरच्या मुलांचा खर्च खासगी शाळा आधी करते, शासन तो ठरलेल्या मर्यादेत शाळेला भरून देतं. शाळेनं शासनाला कर्ज दिलं असं कोणी म्हणेल का?

'मला बिलाची परतफेड करावी' असं तर मुळीच लिहू नका. 'मी स्वतः केलेल्या खर्चाची प्रतिपूर्ती मिळावी' एवढं पुरे. इंग्रजीच हवं असेल तर 'आय मे बी रिइम्बर्स्ड'. सोबत मूळ पावत्या जोडा, कारण पावतीपेक्षा एक रुपयाही जास्त मागता येत नाही.

पीकविमा यात ओढू नका, ती नुकसानभरपाई. सोयाबीन गेलं की लोक बियाण्याच्या, खताच्या पावत्यांचा गठ्ठा घेऊन येतात. तिथे किती खर्चलं हे पाहत नाहीत, किती बुडालं ते पाहतात. 2025 च्या खरिपाआधी गारपिटीनं पीक झोडपलं तर 72 तासांच्या आत कळवलं का, हे आधी विचारायचे.