बाहुलीच्या अंगावरचं कापड : सोलापुरातल्या एका छंदाची पार्श्वभूमी

जुन्या बार्बी जमवायच्या, मोडक्या बाहुल्या नीट करायच्या, त्यांना साड्या-परकर शिवायचे, छोटी भांडी-खुर्च्या मांडून फोटो काढायचे. सोलापुरात कुणाला हा छंद सांगितला की बहुतेकांचं मत एकच पडतं, हे मोबाइलवर बघून आलेलं परकं खूळ आहे. मला ते पटत नाही. फॅशन डॉलचा, म्हणजे कपडे बदलून सजवायच्या बाहुलीचा, इतिहास मुळात कापडाचा इतिहास आहे. 1877 पासून कित्येक पिढ्या गिरणीच्या भोंग्यावर उठलेलं, जकार्ड मागावर मोर उठवणारं हे गाव त्या इतिहासाला परकं नाही.

सुरुवात तर अगदी शेजारून करता येते. धाराशिव जिल्ह्यातलं तेर म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक वृत्तांतात तगरहून भडोचकडे जाणाऱ्या मालाची नोंद आहे, आणि तो माल आहे साधं कापड आणि तऱ्हतऱ्हेची मलमल. त्याच तेरच्या पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या जागी, सातवाहनकाळातल्या, केओलिनच्या पांढऱ्या मातीच्या छोट्या स्त्रीमूर्ती सापडल्या. रामलिंगप्पा लामतुरे यांनी तेरमधले असे अवशेष वर्षानुवर्षं वेचून जपले, आणि आज तिथलं शासकीय वस्तुसंग्रहालय त्यांच्याच नावाने उभं आहे. छंद म्हणून जमवणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी तिथे जाऊन यावं. काचेजवळ वाकून बघितलं की त्या मूर्तींच्या केसांची बांधणी, कानातली जड भूषणं, कमरेचा पट्टा असं सगळं बारकाईने दिसतं. पुढचा आणि मागचा भाग वेगवेगळ्या साच्यात काढून, मग जोडून, आतून पोकळ अशा त्या भाजलेल्या आहेत. आजची बार्बी उघडी करून कुशीवर धरा. तिच्याही धडाच्या दोन अर्ध्या भागांचा सांधा तिथे बोटाला लागतो. याच संग्रहालयात एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे. 1938 मध्ये इटलीतल्या पॉम्पेईच्या उत्खननात मिळालेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी तिचं साम्य अभ्यासकांनी दाखवलेलं आहे.

युरोपात बाहुली कपड्यांची जाहिरात करायला लागली ती सतराव्या-अठराव्या शतकात. पॅरिसची नवी फॅशन दाखवायला 'पँडोरा' नावाच्या बाहुल्या सजवून दुसऱ्या देशांच्या दरबारांत आणि शिंप्यांकडे पाठवल्या जात. छापील फॅशनचित्रं स्वस्त झाल्यावर त्यांचं काम संपलं. 1860 नंतर फ्रान्समध्ये चिनीमातीच्या डोक्याच्या, पेटीभर कपडे घेऊन येणाऱ्या बाहुल्या श्रीमंत घरांतल्या मुलींसाठी बनू लागल्या.

बार्बीची गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक असते, म्हणून थोडक्यात. जर्मनीतल्या 'बिल्ड' वृत्तपत्रातल्या व्यंगचित्रमालिकेवरून 1955 मध्ये 'लिली' ही बाहुली आली. मॅटेल कंपनीच्या रूथ हँडलर यांनी ती युरोपच्या सहलीत पाहिली आणि 9 मार्च 1959 रोजी न्यूयॉर्कच्या खेळणी-प्रदर्शनात बार्बी मांडली. उंची साडेअकरा इंच, किंमत तीन डॉलर. पुढे 1964 मध्ये मॅटेलने लिलीचे हक्कही विकत घेतले. मला यात महत्त्वाची वाटते ती कपड्यांची बाजू. पहिल्या बार्बी जपानमध्ये बनल्या. शार्लट जॉन्सन यांनी आखलेले त्यांचे कपडे शिवले ते घरी बसून नगावर काम करणाऱ्या जपानी बायकांनी. नखाएवढी बटणं, बोटभर चेन, आतून अस्तर. त्या काळातला एखादा झगा उलटा करून बघितला तर त्या हातांना दाद द्यावीच लागते. नगावर मजुरी घेणाऱ्या बायकांचं गाव म्हणजे काय, हे सोलापूरकराला समजावून सांगायला नको.

भारतात 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात लिओ मॅटेल या कंपनीच्या नावाने बार्बी बनू लागली, आणि ती साडी नेसून, टिकली लावून आली. पुढे 'एक्स्प्रेशन्स ऑफ इंडिया' या मालिकेत प्रांतोप्रांतीचे वेश आले. या भारतीय बार्बींना आज परदेशातले संग्राहकही शोधत असतात. जुन्या बाजारात अशी बाहुली दिसली की आधी पाठ बघतात. तिथे 1966 हा आकडा असला तरी बाहुली 1966 ची ठरत नाही. तो त्या धडाच्या रचनेच्या हक्काचा सन आहे आणि पुढची कित्येक वर्षं तो तसाच छापला जात राहिला. विकणारा मात्र त्याच आकड्यावर भाव चढवतो.

सोलापूरच्या घरांत मात्र बार्बी येण्याच्या कितीतरी आधीपासून बाहुल्या आणि छोट्या वस्तू मांडल्या जात होत्या. महालक्ष्म्यांपुढची आरास, दिवाळीचा किल्ला आणि त्यावरचे मातीचे मावळे, पितळी भातुकली, बाहुला-बाहुलीचं लग्न, आणि सगळ्यांत मोठं म्हणजे रुखवत. तारेच्या सांगाड्यावर कापूस गुंडाळून, वर कापड ताणून, रेशमाने डोळे-ओठ काढून केलेल्या नवरा-नवरी, अंतरपाट धरलेले भटजी, सप्तपदीच्या सुपाऱ्या, वऱ्हाडाची बैलगाडी. हा सगळा संसार मावशा-आत्या महिनाभर खपून उभा करत आणि लग्नानंतर तो माळ्यावर जाई. शिवाय हे गाव तीन भाषांच्या वाटेवरचं. आंध्र-तेलंगण-कर्नाटकात सणाला पायऱ्यांवर बाहुल्या मांडायची रीत जुनी आहे, आणि शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू विणकरांची नाती त्याच बाजूची. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावरून पोकळ प्लॅस्टिकची, चमकीचा फ्रॉक घातलेली बाहुली घेतल्याशिवाय कित्येक मुली घरी परतत नसत. या बाहुल्यांवर कुठल्याही कंपनीचं नाव नसायचं. घरी आल्यावर आईने उरल्यासुरल्या तुकड्याचा परकर शिवला की ती त्या घरची व्हायची.

कापड आपल्याकडे आहे म्हणून काम सोपं होतं असं नाही. बार्बी साधारण 1:6 मापाची, म्हणजे माणसाच्या सहाव्या हिश्श्याची. सहावारी साडी त्या मापात साधारण 91 सेंटीमीटर लांब आणि 19 सेंटीमीटर रुंद होते, नऊवारी 137 सेंटीमीटर. खऱ्या इरकलीचा काठ तसाच लावला तर बाहुलीच्या गुडघ्यापर्यंत काठच येतो. म्हणून जाणकार बायका खणाची कडेची बारीक पट्टी कापून काठाला वापरतात आणि अंगाला जुन्या, धुऊन धुऊन मऊ पडलेल्या सुती साडीचा भाग घेतात. नवं कापड निऱ्यांना फुगतं, जुनं खाली पडतं. निऱ्या ओल्या करून, टाचण्यांनी उशीवर बसवून रात्रभर ठेवल्या की सकाळी त्या अंगासरशी राहतात. चादरीचं मात्र जमत नाही. तिचं सूत इतकं जाड की छोट्या पलंगावर ती सतरंजीसारखी दिसते. ती बारीक सुताने वेगळी विणावीच लागते, आणि हे करणारे हात या गावात आहेत.

दुरुस्तीत रसायनाची थोडी जाण हवी. जुन्या बार्बीच्या कानाभोवती हिरवा डाग दिसतो. कानातल्या धातूतलं तांबं गंजून व्हिनाइल या मऊ प्लॅस्टिकमध्ये उतरल्याने तो पडतो. मुरुमांवरचं बेन्झॉइल पेरॉक्साइडचं मलम तेवढ्याच जागी लावून, रोज बघत बघत तो फिका करतात. घाई केली तर कातडीचा मूळ रंगही उडतो. चेहऱ्याचा रंग काढायला ॲसिटोन वापरतात, पण कडक प्लॅस्टिकच्या धडाला त्याचा थेंब लागला की ते विरघळतं. पाय चिकट होतात ते व्हिनाइल मऊ ठेवणारं द्रव्य बाहेर झिरपल्यामुळे. उष्णतेने ते झिरपणं वाढतं, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा 43-44 अंशांवर जातो. पत्र्याखालचा माळा ही बाहुलीसाठी सगळ्यांत वाईट जागा. हवाबंद प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नये, आणि डांबराच्या गोळ्याही जवळ नकोत, त्यांनी काही प्लॅस्टिक मऊ पडतं. रुखवताच्या बाहुल्यांचं दुखणं वेगळं. आतली तार गंजते, कापडाला कसर लागते, लाल रंग पाण्याने फुटतो. त्यांना धुवायचं नाही. बारीक जाळीचं कापड वर धरून मऊ ब्रशने धूळ काढायची, एवढंच. भातुकलीही चिंच लावून दरवेळी लख्ख करण्याची गरज नाही, कारण घासण्याने कोरीव रेघा झिजतात.

बाहुलीच्या फोटोंना आजचं रूप आलं ते ब्लाइथमुळे. मोठ्या डोळ्यांची ही बाहुली 1972 मध्ये अमेरिकेत केनर कंपनीने काढली, चालली नाही म्हणून वर्षभरात बंद केली. 2000 मध्ये जीना गॅरन यांचं तिच्या छायाचित्रांचं पुस्तक आलं आणि पुढच्याच वर्षी जपानच्या टाकारा कंपनीने ती पुन्हा बाजारात आणली. बंद पडलेली बाहुली फोटोंच्या जोरावर परत आली.

सोलापुरात या कामासाठी जागांची वाण नाही. भुईकोट किल्ल्याचा तट, सिद्धेश्वर तलावाचा काठ, इंद्रभुवनाची दगडी नक्षी. मोबाइल उलटा धरला की कॅमेरा जमिनीलगत येतो आणि भिंग बाहुलीच्या डोळ्यांच्या उंचीला बसतं. तट लांब ठेवून बाहुली जवळ फळीवर उभी केली आणि फळीची कड मागच्या जमिनीच्या रेषेला मिळवली, तर ती खरोखर तटाखाली उभी आहे असं वाटतं. मापाचा मेळ मात्र हवाच. पाच सेंटीमीटरची पितळी कळशी 1:6 मध्ये तीस सेंटीमीटरची होते, म्हणजे बार्बीच्या कमरेवर शोभते. परदेशातली बाहुलीघरं बहुधा 1:12 ची असतात. नवी दिल्ली उभारणाऱ्या ल्यूटेन्सनी 1920 च्या दशकात राणी मेरीसाठी केलेलं प्रसिद्ध घरही त्याच मापाचं. तसल्या सामानात बार्बी राक्षसीण दिसते.

माझं एक आग्रहाचं मत आहे. खोक्यासकट परदेशी बाहुली मिळवायला आपण हजारो रुपये मोजतो, आणि त्याच आठवड्यात घर आवरताना आजीच्या रुखवताचा संच भंगारात जातो. परदेशी बाहुलीची माहिती छापील सूचींत मिळते, आजीच्या नवरीची कुठेच नाही. म्हणून संच हातात आला की आधी फोटो काढावा, मग जाड कागदाच्या चिठ्ठीवर पेन्सिलीने चार गोष्टी लिहाव्यात. कुणी केली, कुणाच्या लग्नात, कोणत्या साली, आणि अंगावरचं कापड कुणाच्या साडीचं. चिठ्ठी टाचणीने टोचू नये, टाचणी गंजते. सुती दोऱ्याने मनगटाला सैल बांधावी.