पुढच्या पिढीत कोणता कन्सोल चालेल? अंदाज चुकण्याचा इतिहास

इंदूरला रामबागेत राहणारा माझा भाचा फोनवर हमखास विचारतो, ‘मामा, आत्ताच प्लेस्टेशन घेऊ की पुढचा येईपर्यंत थांबू? पुढच्या वेळी जिंकणार कोण?’ कन्सोल म्हणजे गेम खेळायचं यंत्र, आणि या प्रश्नाला निन्टेंडो या जपानी कंपनीपासूनचा इतिहास आहे.

आमच्या वेळी व्हिडिओ गेम म्हणजे टीव्हीला जोडायचा डबा आणि पिवळी कॅसेट. चित्र हललं की कॅसेट काढायची, खाली फुंकर मारायची, पुन्हा दाबून बसवायची. ते डबे बहुतेक निन्टेंडोच्या १९८३ च्या फॅमिकॉमची नक्कल असत. निन्टेंडोला कोणी हरवेल हे तेव्हा कोणाला पटलं नसतं.

हरवणारा प्रतिस्पर्धी निन्टेंडोनेच उभा केला. सोनीबरोबर सीडीवर चालणारं यंत्र बनवायचं ठरलेलं असताना १९९१ मध्ये निन्टेंडोने ऐनवेळी फिलिप्सचा हात धरला. दुखावलेल्या सोनीने डिसेंबर १९९४ मध्ये स्वतःचा प्लेस्टेशन आणला. निन्टेंडोचा पुढचा कन्सोल, निन्टेंडो ६४, मात्र कॅसेटवरच राहिला. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला निर्णायक क्षण हाच. कॅसेटमध्ये जास्तीत जास्त ६४ एमबी मावायचे, सीडीत साडेसहाशेच्या आसपास, शिवाय सीडी छापायला कितीतरी स्वस्त. मोठे गेम बनवणारे तिकडे वळले. ‘फायनल फँटसी ७’ १९९७ मध्ये प्लेस्टेशनवरच आला. शेवटी प्लेस्टेशन १० कोटींच्या वर खपला, निन्टेंडो ६४ जेमतेम ३.३ कोटी.

डीव्हीडीही चालवणारा प्लेस्टेशन २ तर सुमारे १६ कोटींपर्यंत गेला. मग तिसऱ्याची काळजी कोण करणार? पण २००६ मध्ये त्याच्या मोठ्या मॉडेलची किंमत निघाली ५९९ डॉलर, आणि आतली सेल चिप इतकी किचकट की गेम बनवणारे जेरीस आले. ताकदीने कितीतरी कमी असलेला निन्टेंडोचा वी २४९ डॉलरला आला आणि १० कोटींच्या पुढे गेला. त्याच निन्टेंडोचा पुढचा वी यू १.३६ कोटींवर अडकला. नावावरून अनेकांना तो जुन्या वीचाच जोडभाग वाटला. त्यानंतरचा २०१७ चा स्विच १५ कोटींच्या पार गेला.

म्हणून मागच्या पिढीतला विजेता पाहून पुढचं भाकीत करू नये. यंत्राच्या ताकदीवरून तर नाहीच. २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स वन ४९९ डॉलरला आणि प्लेस्टेशन ४ ३९९ ला आला, तेव्हा त्या शंभर डॉलरनी बरंच काही ठरवलं. आता मायक्रोसॉफ्टचे स्वतःचे गेम प्लेस्टेशनवरही येतात, त्यामुळे नुसते डबे मोजून कोण जिंकलं हे सांगणंही अवघड झालंय.

भाच्याच्या बाबतीत मला काळजी वेगळीच आहे. तो सुदामानगरच्या मित्रांशी डिस्कची अदलाबदल करून खेळतो. एका डिस्कवर चार घरं खेळतात. नोव्हेंबर २०२४ मधला प्लेस्टेशन ५ प्रो डिस्क ड्राइव्हशिवाय आला, ड्राइव्ह वेगळा विकत घ्यावा लागतो. म्हणून मी त्याला सांगितलंय, पुढचा कन्सोल जाहीर झाला की आधी डिस्कची खाच आहे का ते बघ, मग किंमत.