पित्त उठतं, पण कशानं? हिस्टामाइनची पार्श्वभूमी

"पोट्ट्याच्या आंगावर पित्त उठलं, गेरू लाव." विदर्भातल्या खेड्यात लाल गांधी उठल्या की निदान आणि उपचार दोन्ही घरातच होतात. गेरू चोळायचा, वर घोंगडी पांघरायची. समजूत जुनी आहे. माधवनिदान या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात शीतपित्त, उदर्द आणि कोठ या अशाच अंगावर उठणाऱ्या विकारांचं वेगळं प्रकरणच आहे, आणि तिथं थंड वाऱ्याचा स्पर्श हे एक कारण सांगितलंय.

गांधी उठवणारं रसायन म्हणजे हिस्टामाइन. ते प्रयोगशाळेत प्रथम १९०७ मध्ये तयार झालं. १९१० मध्ये हेन्री डेल आणि पॅट्रिक लेडलॉ या शास्त्रज्ञांनी त्याचे परिणाम नोंदवले: रक्तदाब उतरतो, श्वासनलिका आवळते. ते शरीरात मुळातच असतं, हे पक्कं व्हायला मात्र १९२७ उजाडलं. पुढे इन्सुलिनच्या शोधातले चार्ल्स बेस्ट यांना हिस्टामाइन नष्ट करणारं विकरही (एन्झाइम) सापडलं. आज त्याला डायअमाइन ऑक्सिडेज, म्हणजे डीएओ म्हणतात. १९३७ मध्ये डॅनिएल बोव्हे यांनी हिस्टामाइनला अडवणारं पहिलं औषध शोधलं. आरोग्य केंद्रात हातावर ठेवतात ती खाज-सर्दीवरची सीपीएमची गोळी त्याच घराण्यातली.

हिस्टामाइनच्या त्रासाचा खाण्याशी संबंध लागला तो मुख्यतः माशांमुळे. बांगडा, टूना अशा समुद्री माशांत हिस्टिडीन हा प्रथिनांतला घटक भरपूर. मासा उन्हात पडून राहिला की जिवाणू त्याचं हिस्टामाइन करतात. मग कितीही उकळा, ते जात नाही. म्हणून आठवडी बाजारातला सुका बांगडा एखाद्याला बाधतो, तलावातली ताजी रोहू सहसा नाही. १९७० च्या दशकात श्रीलंकेत क्षयरोग्यांना टूना खाल्ल्यावर असाच त्रास झाल्याच्या नोंदी झाल्या, कारण आयसोनियाझिड हे क्षयावरचं औषध डीएओला रोखतं. टीबीच्या गोळ्या घेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं, आणि गोळ्या बंद करू नयेत. बंद करायचा तो सुका मासा.

वांग्यातही हिस्टामाइन असतं, तेव्हा भरीत खाल्लं की तोंडाला खाज सुटते म्हणणारी बाई उगाच बोलत नसते.

एवढं असूनही डीएओ कमी पडल्यानं होणाऱ्या या त्रासावर, म्हणजे हिस्टामाइन असहिष्णुतेवर, डॉक्टरांचं एकमत नाही. खात्रीची रक्ततपासणी नाही. डीएओ मोजून मिळतं, पण त्यावरून निदान ठरत नाही. त्यामुळे काय खाल्लं आणि काय झालं ते वहीत लिहायचं, संशयाचे पदार्थ दोन-चार आठवडे सोडायचे, मग एकेक करून परत आणायचे. सगळंच कायमचं सोडून पोरं वाळवण्यात अर्थ नाही. ओठ सुजले किंवा दम लागला तर गेरू राहू द्या, थेट दवाखाना गाठा.