अँप्लिफायरचे आउटपुट शॉर्टपासून कसे वाचवावे
(ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

चतुर्थीच्या तोंडावर आमच्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या बऱ्याच अँप्लिफायरचे आउटपुट ट्रान्झिस्टर उडालेले असतात आणि त्याचे कारण बहुधा यंत्रात नव्हे, तर स्पीकरच्या वायरीत सापडते. किनाऱ्यावरच्या खाऱ्या, दमट हवेत तांब्याच्या तारा हिरव्या पडून ठिसूळ होतात; टर्मिनल आवळताना त्यांतली एखादी तुटून शेजारच्या टर्मिनलला टेकली, तरी शॉर्ट व्हायला तेवढे पुरते.

८ ओहमच्या स्पीकरला १०० वॅट देताना आउटपुटवर सुमारे २८ व्होल्ट असतात आणि प्रवाह साडेतीन अँपिअर असतो. शॉर्ट झाल्यावर वाटेत फक्त वायरीचा, अर्ध्या ओहमहूनही कमी, रोध उरतो आणि प्रवाह पन्नास अँपिअरच्या पुढे जाऊ पाहतो. फ्यूज वितळायला लागणाऱ्या वेळेच्या आतच ट्रान्झिस्टर गेलेला असतो, कारण फ्यूज आग टाळण्यासाठी असतो, ट्रान्झिस्टरसाठी नव्हे. (म्हणून फ्यूजच्या जागी तार गुंडाळण्यास मात्र मुळीच मुभा नाही.)

यावर उपाय म्हणून प्रत्येक आउटपुट ट्रान्झिस्टरला जोडलेल्या ०.२२ ओहमच्या रेझिस्टरवरचा दाब एक छोटा ट्रान्झिस्टर पाहत असतो. तो दाब ०.६ व्होल्टच्या आसपास, म्हणजे त्या एका ट्रान्झिस्टरमधला प्रवाह (एकूण प्रवाह अनेक ट्रान्झिस्टरांत वाटलेला असतो) पावणेतीन अँपिअरपर्यंत पोहोचला, की छोटा ट्रान्झिस्टर मोठ्याला मिळणारा सिग्नल आवरतो. तरीही शॉर्ट कायम राहिल्यास ट्रान्झिस्टर तापतच राहतो, म्हणून आमच्या मते यासोबत स्पीकर तोडणारा रिले (आपोआप चालणारा स्विच) असावाच. प्रोटेक्शनचा दिवा लागल्यास पुन्हापुन्हा चालू करून पाहू नये. आधी वायर काढावी.

ब्रिज केलेल्या (दोन चॅनेल जोडून एकच आउटपुट घेतलेल्या) अँप्लिफायरच्या दोन्ही टर्मिनलवर सिग्नल असतो, त्यामुळे काळी वायर बॉडीला टेकवणे म्हणजे शॉर्टच होय. कर्ण्यांच्या १०० व्होल्ट लाइनला चालू असताना हात लावू नये.

साधा जॅक आत जाताना त्याचे टोक क्षणभर बाहेरच्या पट्टीला टेकते. म्हणून जॅक लावताना किंवा काढताना अँप्लिफायर बंदच असावा. जोडणीपूर्वी वायरीचे अँप्लिफायरकडचे टोक मोकळे ठेवून तिथे मल्टिमीटरने रोध मोजावा. ८ ओहमचा एक स्पीकर साधारण ६ ते ७ ओहम दाखवतो. काटा शून्यापाशी गेला तर वायर जोडू नये. मीटर नसल्यास वायर दुकानात आणावी, तपासणीचे पैसे आम्ही घेत नाही.