प्रवाळ वाढत नाही म्हणून दिवा वाढवायचा?

"प्रवाळ खुंटलंय? दिवा वाढवा, भराभर वाढेल," हा सल्ला घरी समुद्री टाकी (खाऱ्या पाण्याचं मत्स्यालय) ठेवणाऱ्यांमध्ये वर्षानुवर्षं फिरतोय. त्यात निम्मं तथ्य आहे, म्हणूनच तो पटतो.

प्रवाळ हा प्राणी आहे. त्याच्या पेशींत राहणारं सूक्ष्म शैवाल उजेडावर साखर बनवतं आणि तिचा मोठा वाटा प्रवाळाला मिळतो. पण उजेड पचवण्याची शैवालाची मर्यादा असते. ती ओलांडली की पेशींना इजा होते, प्रवाळ शैवालच बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं.

शिवाय सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचा, आणि त्याचा कच्चा माल पाण्यातूनच यायला हवा. तेव्हा दिव्याला हात लावण्याआधी टेस्ट किट काढा. अल्कलिनिटी (पाण्यातल्या कार्बोनेट-बायकार्बोनेटचं माप) 7 ते 9 डीकेएच (तिचं एकक), कॅल्शियम लिटरला 400 ते 450 मिलिग्रॅम, मॅग्नेशियम 1300 च्या आसपास हवं. अल्कलिनिटी रोज ठरावीक वेळी मोजून लिहून ठेवा. आकडा हळूहळू घसरत असेल तर बहुधा सांगाडा बांधला जातोय. जेवढी घट, तेवढीच भर घाला. माझ्या मते नेमक्या आकड्यापेक्षा तो स्थिर राहणं महत्त्वाचं.

उजेड जास्त होतोय का, हेही घरीच कळतं. फिकट पडलेला तुकडा टाकीत खाली, आडोशाला ठेवा. काही आठवड्यांत तपकिरी छटा परतली तर दिवाच जास्त होता. फक्त पाण्यातली पोषकद्रव्यं, म्हणजे नायट्रेट-फॉस्फेट, शून्यावर नाहीत ना, ते आधी पाहा. उपाशी प्रवाळही फिकटच दिसतं.