मानसचित्रण आणि सकारात्मक विचार

एखादी गोष्ट प्रत्यक्षात घडण्याआधी ती घडत असल्याचे चित्र ठरवून, पुन्हा पुन्हा मनःचक्षूंपुढे उभे करणे म्हणजे मानसचित्रण. व्हिज्युअलायझेशन या नावानेही ते परिचित आहे. त्याच्या जोडीला बहुधा सकारात्मक विचार येतो, म्हणजे आपल्याला हे जमेल, यातून चांगलेच निघेल, अशी मनाची धारणा जाणीवपूर्वक जोपासणे. परीक्षा, नोकरी, स्पर्धा, वजन कमी करणे, व्यसन सोडणे अशा अनेक व्यक्तिगत ध्येयांसाठी लोक या दोन्हींचा आधार घेतात.

या विषयाच्या नावाखाली दोन वेगळे दावे केले जातात. मनात केलेला सराव माणसाची कृती सुधारतो, हा पहिला. एखाद्या गोष्टीचा मनापासून ध्यास घेतला की बाहेरची परिस्थिती आपोआप तशी जुळून येते, हा दुसरा. पहिल्या दाव्याला प्रयोगांचा आधार आहे, दुसऱ्याला नाही. दोन्ही एकाच दमात सांगितले जातात आणि त्यामुळे पहिल्यातले खरोखर उपयोगी ज्ञान झाकोळले जाते.

पूर्वपीठिका

मनातल्या प्रतिमेला वळण लावून स्वतःला घडवण्याची कल्पना जुनी आहे. पतंजलीच्या योगसूत्रांत ‘वितर्कबाधने प्रतिपक्षभावनम्’ (२.३३) असे सूत्र आहे. घातक विचार छळू लागले की त्यांच्या विरुद्ध भावना मनात रुजवावी, असा त्याचा आशय. तिबेटी बौद्ध साधनेत देवतेचे रूप अलंकारांसह बारकाईने मनात उभे करतात. सोळाव्या शतकात इग्नेशियस लोयोला याने आखून दिलेल्या ख्रिस्ती साधनेतही धर्मकथेतला प्रसंग सर्व इंद्रियांनी अनुभवायला सांगितले आहे. या परंपरांचे लक्ष्य चित्तशुद्धी होते. ऐहिक यशाशी त्यांची सांगड नंतर घातली गेली.

ती सांगड मुख्यतः एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेत पडली. मेन राज्यातील घड्याळजी फिनियस क्विंबी (१८०२–१८६६) याने आजाराचे मूळ चुकीच्या समजुतीत असते, असे मांडले. त्याच्या विचारांतून ‘न्यू थॉट’ ही चळवळ उभी राहिली. सारखे सारख्याला ओढते, हा ‘आकर्षणाचा नियम’ तिच्यातूनच पुढे आला. तत्त्वज्ञ व मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १९०२ मध्ये या प्रवाहाची सहानुभूतीने, पण डोळसपणे चिकित्सा केली.

फ्रान्समध्ये एमिल कुए (१८५७–१९२६) या औषधविक्रेत्याने स्वयंसूचनेची पद्धत रूढ केली. ‘दररोज, सर्व बाजूंनी, मी अधिकाधिक बरा होत आहे,’ हे वाक्य सकाळी उठताना आणि रात्री झोपताना वीस वेळा पुटपुटायचे. मोजताना लक्ष विचलित होऊ नये म्हणून वीस गाठी मारलेली दोरी हातात धरायची. इच्छाशक्ती आणि कल्पनाशक्ती यांच्यात झुंज लागली तर जिंकते कल्पनाशक्तीच, असे कुए सांगे. झोप यावी म्हणून धडपडणाऱ्याला झोप येत नाही, हे ज्याने अनुभवले आहे त्याला कुएचे म्हणणे पटते.

मनातला सराव काम कसा करतो

कल्पनेतील हालचाल आणि प्रत्यक्ष हालचाल यांत मेंदूची बरीचशी यंत्रणा सामाईक असते. एडमंड जेकबसन यांनी १९३० च्या सुमारास दाखवले की हात वाकवण्याची नुसती कल्पना केली तरी दंडाच्या स्नायूत अत्यल्प विद्युत हालचाल नोंदवता येते. रॉजर शेपर्ड आणि जॅकलिन मेट्झलर यांच्या १९७१ च्या प्रयोगात लोकांना वेगवेगळ्या कोनांत ठेवलेल्या आकृत्यांच्या जोड्या दाखवून त्या एकच आहेत का, हे विचारले होते. कोन जितका मोठा, तितका उत्तराला वेळ जास्त लागला. आकृती जणू हातात धरून फिरवावी तशी ती मनात फिरत होती. एखाद्या ठिकाणापर्यंत चालत जाण्याची कल्पना करायला लागणारा वेळही प्रत्यक्ष चालण्याच्या वेळेशी बराच जुळतो.

या विषयातला सर्वांत बोलका पुरावा १९९५ साली आल्वारो पास्कुआल-लेओने व त्यांच्या सहकाऱ्यांनी दिला. पियानो कधीही न शिकलेल्या लोकांना त्यांनी पाच बोटांनी वाजवायची एक सुरावट दिली. एका गटाने रोज दोन तास, पाच दिवस ती वाजवली. दुसरा गट तितकाच वेळ पियानोसमोर बसून राहिला. बोटे हलवायची नाहीत, मात्र प्रत्येक बोट पट्टीवर पडते आहे अशी कल्पना करायची. बोटांचे नियंत्रण करणारा मेंदूतील भाग रोज मोजला जात होता आणि तो दोन्ही गटांत सारखाच विस्तारत गेला. वाजवण्यात मात्र फरक राहिला. पाच दिवस नुसती कल्पना करणाऱ्यांचे कौशल्य प्रत्यक्ष वाजवणाऱ्यांच्या तिसऱ्या दिवसाइतके भरले. त्यानंतर दोन तास प्रत्यक्ष सराव मिळताच त्यांनी ते अंतर भरून काढले. मनातल्या सरावाची ताकद आणि मर्यादा दोन्ही या एका प्रयोगात दिसतात. हातांच्या कामाची जागा तो घेत नाही, पण त्या कामासाठी जमीन तयार करून ठेवतो.

जेम्स ड्रिस्केल व सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये अशा अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, त्याचाही निष्कर्ष हाच होता. मानसिक सरावाने कामगिरी सुधारते, प्रत्यक्ष सरावाने अधिक सुधारते. ज्या कामांत क्रम, निर्णय आणि आखणी यांचा भाग मोठा असतो, तिथे मनातला सराव जास्त कामी येतो. त्याचा परिणाम काळाबरोबर ओसरतो, म्हणून अधूनमधून उजळणी लागते.

उपचारांतही हे तंत्र स्थिरावले आहे. जोसेफ वोल्पे यांनी १९५८ मध्ये मांडलेल्या भयनिवारण पद्धतीत रुग्ण आधी शरीर सैल सोडायला शिकतो आणि मग भीतीचे प्रसंग सौम्य ते तीव्र अशा चढत्या क्रमाने कल्पनेत अनुभवतो. वारंवार पडणाऱ्या भयस्वप्नांवरच्या एका उपचारात स्वप्नाची कथा दिवसा जागेपणी हवी तशी बदलून लिहायची आणि ते नवे रूप रोज काही मिनिटे मनात घोळवायचे असते. पक्षाघातानंतर हाताच्या हालचाली परत मिळवताना व्यायामाच्या जोडीला मानसिक सराव दिला जातो.

चित्र कशाचे काढायचे?

स्वप्न पूर्ण करण्याच्या दृष्टीने हाच प्रश्न कळीचा आहे आणि लोकप्रिय सल्ल्यात नेमके त्याचेच उत्तर बहुधा चुकते. ‘यश मिळाले आहे असे समजा, त्या आनंदात न्हाऊन निघा,’ असे सांगितले जाते. लियन फाम आणि शेली टेलर यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील विद्यार्थ्यांवर नेमका हाच सल्ला तपासला. परीक्षेआधीचे काही दिवस एका गटाने रोज पाच मिनिटे निकालाचे चित्र पाहायचे होते. गुण लावलेल्या काचेच्या फलकासमोर आपण श्वास रोखून उभे आहोत, नजर आपल्या क्रमांकावरून गुणांकडे सरकते, उत्तम श्रेणी दिसते, ऊर अभिमानाने भरून येतो. दुसऱ्या गटाने अभ्यासाचे चित्र पाहायचे होते. आपण टेबलाशी बसलो आहोत, टिपणे चाळतो आहोत, टीव्ही बंद केला आहे, बाहेर चल म्हणणाऱ्या मित्राला नाही म्हणतो आहोत. अभ्यासाचे चित्र पाहणाऱ्यांनी अभ्यास लवकर सुरू केला, जास्त तास केला आणि गुणही जास्त मिळवले. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेला हा अभ्यास स्वप्नांच्या वाटेवरल्या प्रत्येकाने मनात कोरून ठेवावा असा आहे.

निकालाचे चित्र पाहणारे मागे का पडतात, याचा शोध गाब्रिएल ओटिंगन यांनी घेतला. थॉमस वॉडन यांच्यासमवेत १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात त्यांनी वजन कमी करण्याच्या कार्यक्रमातील २५ स्त्रियांची पाहणी केली. आपल्याला यश येईल, अशी अपेक्षा बाळगणाऱ्या स्त्रियांचे वजन वर्षभरात जास्त उतरले. ज्या मात्र सडपातळ झालेल्या आपल्या रूपाची गोडगोड दिवास्वप्ने रंगवत होत्या, त्यांचे वजन इतरांपेक्षा सरासरी सुमारे ११ किलोने कमी घटले. नोकरी शोधणाऱ्या पदवीधरांतही तेच आढळले: स्वप्नरंजन जास्त करणाऱ्यांनी अर्ज कमी केले आणि दोन वर्षांनी त्यांना पगारही कमी मिळत होता. अनुभवावर उभी असलेली आशा माणसाला कामाला लावते. मनातले मांडे मात्र मनालाच इतके तृप्त करतात की शरीर सैलावते. हेदर कॅप्स आणि ओटिंगन यांनी २०११ मध्ये दाखवले की अशा दिवास्वप्नांनंतर सिस्टॉलिक, म्हणजे हृदय आकुंचन पावतानाचा, रक्तदाबसुद्धा उतरतो. विश्रांतीसाठी ते उत्तमच आहे. पण जो क्षण कंबर कसण्याचा, त्या क्षणी ते घातक ठरते.

ओटिंगन यांनी सुचवलेला उपाय करायला सोपा आहे. आधी इच्छा पूर्ण झाल्याचे चित्र मनसोक्त पाहायचे आणि लगेच त्याच्या शेजारी आपल्या आतला मुख्य अडथळा तितक्याच स्पष्टपणे उभा करायचा. इच्छा आवाक्यातली असेल तर या विरोधातून जोर मिळतो. नसेल तर ती वेळीच सोडून देण्याचे शहाणपण येते, आणि तोही लाभच. याला पीटर गोलविट्झर यांच्या ‘जर-तर’ योजनेची जोड देतात: ‘घरी आल्यावर मोबाइल हातात घ्यावासा वाटला, तर तो दुसऱ्या खोलीत ठेवून मी आधी वही उघडेन.’ प्रसंग आणि कृती अशी आधीच बांधली की ऐनवेळी मनाशी वाद घालावा लागत नाही. गोलविट्झर आणि पास्कल शीरन यांनी २००६ मध्ये अशा ९४ चाचण्यांचा आढावा घेतला, तेव्हा ध्येय गाठण्यावर या योजनेचा मध्यम ते मोठा परिणाम दिसला.

खेळाडू हे फार पूर्वीपासून जाणतात. अमेरिकी जलतरणपटू मायकेल फेल्प्स प्रशिक्षक बॉब बोमन यांच्या सांगण्यावरून झोपताना आणि उठल्यावर संपूर्ण शर्यत मनात पोहत असे आणि त्यात बिघडणारे प्रसंगही घेत असे. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये २०० मीटर बटरफ्लाय शर्यतीत त्याच्या गॉगलमध्ये पाणी शिरले आणि अखेरच्या टप्प्यात भिंत दिसेनाशी झाली. तो घाबरला नाही. हातांचे फटके मोजत त्याने भिंत गाठली आणि १ मिनिट ५२.०३ सेकंदांचा तेव्हाचा विश्वविक्रम नोंदवून सुवर्णपदक मिळवले.

चित्र कोणाच्या नजरेतून पाहावे, यानेही फरक पडतो. अंगात मुरवायच्या हालचाली स्वतःच्या डोळ्यांनी, आतून पाहाव्यात. एखादी कृती करण्याचा निश्चय पक्का करायचा असेल तर स्वतःला बाहेरून, इतरांच्या नजरेने पाहणे उपयोगी ठरते. लिसा लिबी व सहकाऱ्यांनी २००४ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीआधी विद्यार्थ्यांना मतदान करत असल्याची कल्पना करायला सांगितले. बाहेरून पाहणाऱ्यांपैकी ९० टक्क्यांनी नंतर मतदान केले, आतून पाहणाऱ्यांपैकी ७२ टक्क्यांनी.

सकारात्मक विचाराच्या मर्यादा

आपण हे करू शकतो, या विश्वासाला अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये मानसशास्त्रात मध्यवर्ती स्थान दिले. मात्र या विश्वासाचा सर्वांत भक्कम स्रोत त्यांनी स्वतःच्या प्रत्यक्ष यशात शोधला. छोटे काम तडीस नेले की पुढच्याची हिंमत येते. नुसत्या घोषवाक्यांनी ती येतेच असे नाही. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाच्या जोआन वुड व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवले की स्वतःबद्दल मुळातच हीन भावना असणाऱ्यांनी ‘मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे’ असे वाक्य घोकले तर त्यांना आधीपेक्षा वाईट वाटते. वाक्य आणि आतली समजूत यांतली दरी उलट जास्त टोचते. शिवाय काही माणसे काय काय बिघडू शकेल याचा आधी विचार करूनच चांगली तयारी करतात. ज्युली नोरेम आणि नॅन्सी कँटर यांनी १९८६ मध्ये वर्णन केलेली ही वृत्ती दोष नाही. अशा माणसाला बळेच हसतमुख करू पाहिले तर त्याचीच कामगिरी बिघडते.

सर्वांत जास्त हानी होते ती गंभीर आजारात. मन खंबीर असेल तर कर्करोग हरतो, असे सांगितले जाते. जेम्स कॉइन व सहकाऱ्यांनी २००७ मध्ये डोके व मानेच्या कर्करोगाच्या १,०९३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात भावनिक स्थिती आणि जगण्याचा कालावधी यांचा संबंध आढळला नाही. आनंदी राहण्याने आजारातले दिवस सुसह्य होतात, एवढेच मोलाचे आहे आणि पुरेसेही आहे. आजार बळावला तर तुझाच विचार कमी पडला, असे रुग्णाला सुचवणे हे क्रौर्य आहे. गरिबी, बेकारी किंवा भेदभाव यांचे खापर सोसणाऱ्याच्या विचारांवर फोडणेही त्याच जातीचे.

ज्यांना चित्र दिसत नाही

मनात चित्र उमटण्याची क्षमता सर्वांत सारखी नसते. फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८० मध्ये लोकांना सकाळचे न्याहारीचे टेबल आठवायला सांगितले, तेव्हा काहींनी आपल्याला काहीच दिसत नसल्याचे कळवले. अ‍ॅडम झेमन व सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये या अवस्थेला ‘अफँटेझिया’ असे नाव दिले. संगणकीय अ‍ॅनिमेशनचे एक प्रवर्तक आणि पिक्सार कंपनीचे सहसंस्थापक एड कॅटमल यांनी आपल्याही मनात चित्र उमटत नसल्याचे सांगितले आहे. अशांना ‘डोळे मिटा आणि बघा’ हा सल्ला निरुपयोगी असतो. त्यांच्यासाठी कामाचे टप्पे शब्दांत लिहून काढणे, हालचालीचा स्पर्श व लय आठवणे आणि ‘जर-तर’ योजना आखणे हे मार्ग खुले असतात. त्यांपैकी शेवटच्याला तर चित्राची गरजच पडत नाही.