अग्निरोधक तिजोरीत हार्ड डिस्क वाचते का?

अग्निरोधक तिजोरीत ठेवलेली हार्ड डिस्क आगीतून शाबूत निघते, हा समज जुना आहे आणि चुकीचाही. घरगुती तिजोऱ्या बहुधा कागदासाठी बनतात. अर्धा किंवा एक तास आतलं तापमान १७७ अंश सेल्सिअसच्या खाली राखायचं, एवढीच त्यांची हमी. कागद तेवढं सोसतो. डिजिटल साधनांसाठीच्या तिजोरीला मात्र ५२ अंशांची मर्यादा पाळावी लागते. शिवाय भिंतींतलं अस्तर तापलं की वाफ सोडतं. कागद नुसता दमटतो, डिस्कचं सर्किट गंजू शकतं. (अग्निरोधक म्हणजे जलरोधक नव्हे, तेव्हा बंबाच्या पाण्यापासूनही बचावाचा भरवसा नाही.) तिजोरीत कागदपत्रं ठेवा. फायलींची एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे पासवर्डशिवाय वाचता न येणारी, प्रत दुसऱ्याच इमारतीत हवी, आणि तिची डिजिटल किल्ली ती प्रत असलेल्या डिस्कवरच नको. दर तीन महिन्यांनी त्या प्रतीतल्या चार-दोन फायली उघडून पाहा.